बारकी गोळी

१८ जून, पेठ

इथं रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ येते, तीसुद्धा तिच्या मर्जीनं. जीप लावायची, मॅडम घरात जाणार, म्हाताऱ्यांशी बोलत बसणार, आणि मी स्टिअरिंगवर बोटं वाजवणार. माझ्यासारख्याला बसून राहणं म्हणजे शिक्षाच. अंबडच्या कंपनीत टिकलो नाही, सुरतेला टिकलो नाही, हॉटेलवाल्यानं तर स्वतःच हाकललं. म्हणून ही वही घेतली. आठवीनंतर हातात पेन धरलं नव्हतं. अक्षर बघून माझं मलाच हसू येतं.

काम असं. डॉक्टर निकिता मॅडम नाशिकच्या दवाखान्यातल्या. पेठच्या पाड्यांवर ज्या म्हाताऱ्या माणसांचे गुडघे, कंबर, पाठ वर्षानुवर्षं दुखतेय ती कुठल्या गोळ्या खातात, त्यातल्या कुठल्या घातक, आणि दुखणं न वाढवता त्या कशा कमी करायच्या, याचा त्यांचा अभ्यास चाललाय. मी ड्रायव्हर. पण म्हातारी माणसं मॅडमना बघून बुजतात, म्हणून आता मलाही आत बसवतात. मी येवल्याकडचा, इकडची बोली मला निम्मीच कळते. मान मात्र पूर्ण हलवतो.

प्रत्येक घरात शेवटचा प्रश्न एकच. "गोळ्या कोण आणून देतं?"

आणि उत्तरही एकच. "कोणी नाय. मीच आणतो." उंबरा ओलांडताना भिंत धरावी लागते, आणि म्हणे मीच आणतो.

२४ जून

आज गोजरा आजी भेटली. तोंडाची तलवार आहे.

"तू कुठला रं?"

"येवल्याचा."

"इतक्या लांब? तिकडं तुला कोणी पोरगी देईना व्हय?"

मॅडम हसल्या. मग आजीनं पदराची गाठ सोडली आणि आतून गोळ्या काढल्या. बारक्या, पांढऱ्या, वर नाव नाही, गाव नाही. "ही खाल्ली का मी पोरीवानी भाताच्या आवणीत वाकते. नाय खाल्ली का खाटंवरून मुतायला जायची पंचाईत."

मॅडमनी दोन गोळ्या तपासायला मागून घेतल्या. "आजी, या कुठून आणल्या?"

"देवानं दिल्या," आजी म्हणाली आणि गाठ परत मारली.

२९ जून

टाकीवर जाऊन घरी फोन लावला. आई म्हणाली, नाना चार दिवस मागावर बसले नाहीत. नाना म्हणजे माझे वडील, सावळीराम. सगळं आयुष्य पैठणीच्या मागावर गेलं, खड्ड्यात पाय सोडून. मोराचा पदर निम्मा विणून पडलाय. मागाचा मालक म्हणतो, होत नसेल तर दुसरा कारागीर बसवतो. नानांनी फोन घेतला.

"हात चालतात रे यादव," म्हणाले. "कंबर चालत नाही. हात काय उभ्यानं विणणार?"

माझ्या नानांना मी कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं. 

९ जुलै

आज बाजारात देव दिसला. नाव शेखर. मोटरसायकलवर फण्या, टिकल्या, बाम विकतो आणि बिस्किटाच्या डब्यात त्या बारक्या पांढऱ्या गोळ्या ठेवतो. म्हाताऱ्या माणसांची त्याच्याभोवती गर्दी.

"कोणासाठी पाहिजे?" त्यानं विचारलं.

"वडलांसाठी. कंबर."

"मग घे. रोज एक, चहाबरोबर. आठवड्यात नाचले नाहीत तर मला येऊन मार."

घेतल्या. गोजरा आजी एवढ्या वयाची चिखलात वाकते, मी डोळ्यानं बघितलंय. पुडी महेशकडे दिली. तो आमच्याच गल्लीतला, येवला गाडीवर कंडक्टर आहे. त्याच्या हातून सगळी गल्ली डबे, चपला, औषधं पाठवते.

मॅडमना बोललो नाही. त्यांना तेच शोधायचंय, गोळ्या येतात कुठून. सांगितलं तर शेखरची मोटरसायकल उद्यापासून दिसायची नाही. मग नानांचं काय?

२० जुलै

आईनं फोन मागाजवळ नेऊन धरला. धोटा इकडून तिकडे पळतोय, खट, खट, खट. मध्येच नाना कशावर तरी खेकसले. आई म्हणाली, "ऐकलंस? पहिल्यासारखे झाले बघ."

मी टाकीच्या कठड्यावर चढून एकटाच नाचलो. खाली गुरं चारणारा एक माणूस बघत होता. बघू दे.

१० ऑगस्ट, येवला

राखीला घरी आलोय. नाना ओळखू येईनात. गाल भरलेत, तोंडावर लाली आलीय. आधी अर्ध्या भाकरीवर उठायचे, आता तिसरी मागतात. शेजारची लताकाकू म्हणाली, "यादव, बापाला काय खाऊ घालतो रे? नवरदेव दिसायला लागले." आई लाजली.

पदर पुरा झाला. शेवटचा मोर मला बोलावून दाखवला. "बघ, याच्या मानेला बाक कसा आलाय. हा मोर तुझा." मला काय कळतंय त्यातलं, पण डोळे भरून आले.

झोप येत नाही म्हणतात, पहाटेच उठून मागावर बसतात. हातावर निळे डाग दिसले, म्हणे कशाचा तरी धक्का लागला असेल. पाय थोडे सुजलेत, पण खड्ड्यात पाय लोंबकळत ठेवल्यावर सूज येणारच. दोन महिन्यांच्या गोळ्या देऊन ठेवल्या. आईला सांगितलं, कोणी विचारलं तर माझं नाव घेऊ नको, माझी नोकरी आहे.

जन्मात पहिल्यांदा वाटतंय की मी घराच्या उपयोगी पडलो.

२१ ऑगस्ट

काळूबाबा गेले. वरच्या पाड्यावरचे, आमच्या अभ्यासातले. दुखण्याच्या लाल गोळ्या उपाशीपोटी खायचे, दिवसाला तीन-तीन. आधी डांबरासारखी काळी संडास झाली, ती त्यांनी कोणाला सांगितली नाही. मग रक्ताची उलटी. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती.

 परत येताना घाट उतरल्यावर मॅडम म्हणाल्या, "दुखणं कोणाला मारत नाही रे यादव. ते घालवायची घाई मारते."

मी म्हणालो, "बाबांच्या गोळ्या लाल होत्या ना मॅडम?"

"हो. का?"

"काही नाही, असंच."

नानांच्या पांढऱ्या आहेत.

१० सप्टेंबर

पांढऱ्या गोळीचा रिपोर्ट आला.

मॅडमनी गोजरा आजीच्या ओट्यावर बसून सगळं समजावलं. मी शेजारीच होतो. त्या गोळीत स्टेरॉइड आहे. डॉक्टरच्या नजरेखाली थोडे दिवस दिलं तर औषध, असं महिनोन् महिने खाल्लं तर हाडं पोकळ होतात, साखर वाढते. "तोंड सुजून गोल होतं, भूक वाढते. लोकांना वाटतं तब्येत सुधारली," मॅडम म्हणाल्या. "हातावर जरा लागलं की निळे डाग पडतात."

माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. खाली ठेवला.

आजी म्हणाली, "मंग आजच चुलीत टाकते."

"अजिबात नाही!" मॅडम जवळजवळ ओरडल्या. "एकदम तोडायची नाही. आता एक खाताय ना, मी देईन त्या हिशोबानं आधी पाऊण, मग अर्धी, मग पाव. हळूहळू उतरवत आणायची."

"आन् दुखलं म्हंजे?"

"साधी तापाची गोळी देते, मी सांगेन तेवढीच. गरम पाण्याचा शेक. आणि तो व्यायाम."

"त्या पाय हालवायला व्यायाम म्हणती ही बाई," आजी मला म्हणाली.

खरं सांगायचं तर मला ते उतरवत आणणं पटलं नाही. विष आहे ना? मग विषाचे चार भाग करून काय खायचे? मी गुटखा एका दिवसात सोडला. तीन दिवस डोकं फुटत होतं, अंग थरथरत होतं, चौथ्या दिवशी मोकळा. जे हळूहळू सोडतो म्हणाले ते सगळे अजून खातायत. डॉक्टर लोक म्हाताऱ्यांना फार जपतात.

मॅडमना विचारावं असं दोनदा मनात आलं. पण कोणासाठी विचारतोस, गोळ्या कोणी दिल्या, कुठून आणल्या, सगळंच निघेल. माझं मीच निस्तरतो.

२१ सप्टेंबर, येवला

रजा घेऊन आलो. रस्ताभर एकच विचार होता, नानांना सोडायला कसं लावायचं? नुसतं सांगून ऐकणारे नाहीत. गोळी खाल्ल्यापासून मागावर राजासारखे बसतात, ते कशाला सोडतील.

मग आपोआप सुचलं. उद्या घट बसतायत. नाना दरवर्षी कोटमगावच्या देवीला घटी बसतात. नऊ दिवस देवळातच राहायचं, उपास करायचा, घर बघायचं नाही. आमच्याकडे माणसानं देवीपुढे जे सोडलं ते सुटलं. आमच्या गल्लीतल्या तात्यांनी दारू अशीच सोडली, नंतर लेकाच्या लग्नातसुद्धा शिवली नाही.

नानांना सगळं सांगितलं. गोळीत काय आहे ते, काळूबाबांचं, सगळं.  ते म्हणाले, "तूच दिली होतीस."

"हो. चुकलं."

"बरं वाटत होतं रे."

"नाना, उद्या देवीपुढे सोडा. माझ्या गळ्याची शपथ."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "एकदा बोललो की बोललो, यादव. मग पुन्हा तू म्हणालास तरी तोंडात घेणार नाही."

"तेच तर पाहिजे," मी म्हणालो.

२२ सप्टेंबर

सोडली. देवीपुढे नारळ ठेवून, माझ्या डोक्यावर हात ठेवून बोलले. उरलेल्या गोळ्या मी गटारात टाकल्या. छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं. मॅडम दोन महिने लावणार होत्या त्याला मी एक सकाळ लावली. संध्याकाळच्या गाडीनं पेठला परत.

२६ सप्टेंबर

पाऊस थांबायचं नाव नाही. टाकीजवळ भिजत फोन लावला. आई देवळात जाऊन आली होती. नानांना मळमळतंय, उठलं की चक्कर येते, शेंगदाणेसुद्धा पोटात राहत नाहीत. बाकीचे घटी बसलेले म्हणतात, उपास लागला, वय झालं.

मी म्हणालो, "सुटताना त्रास होतोच. गुटख्याच्या वेळी मला नव्हता झाला? चौथा दिवस आहे. उद्या बरं वाटेल."

"लिंबूपाणी देऊ?"

"दे."

आज गोजरा आजीची गोळी पाऊण झाली. शिव्या देतेय, पण अंगणात चालत होती.

२८ सप्टेंबर, नाशिक

नाना आरतीला उठले आणि तिथेच कोसळले. महेशनं कोणाची तरी गाडी मिळवून नाशिकला आणलं, मॅडमच्याच दवाखान्यात. मला दुसरा दवाखाना ठाऊक तरी कुठला होता.

मी पेठहून पोचलो तर नाना पांढरेफटक. बीपी लागत नव्हतं. तरणा डॉक्टर आईला विचारत होता, "यांना काय औषध चालू होतं?"

"काही नाही," आई म्हणाली.

"दुखण्याच्या गोळ्या? नीट आठवा, आजी."

"खायचे कधीमधी."

"कोण आणून द्यायचं?"

आईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "कोणी नाही. तेच आणायचे."

हा प्रश्न किती दारांत ऐकला. हे उत्तरही. ही माणसं खोटं का बोलतात म्हणून मी जीपमध्ये हसायचो. ती कोणाला वाचवत होती ते मला आज आईच्या तोंडाकडे बघून कळलं.

"मी द्यायचो," मी म्हणालो. "स्टेरॉइडची. सहा दिवसांपूर्वी एकदम बंद केली."

डॉक्टर पळतच आत गेला. त्याच औषधाचं इंजेक्शन शिरेतून दिलं, वर सलाईन.

मॅडम आल्या. त्यांना सगळं सांगितलं, शेखरचं, बाजाराचं, शपथेचं. शिव्या देतील असं वाटलं होतं. त्या बाकड्यावर बसल्या. म्हणाल्या, शरीर स्वतःच हे औषध बनवतं. बाहेरून मिळायला लागलं की ते बनवणं सोडून देतं. बाहेरचं एकदम तोडलं तर आतलं जागं व्हायला वेळ लागतो. म्हणून उतरवत आणायचं असतं.

"तू माझ्या शेजारी बसला होतास यादव. मी तुझ्यासमोर सांगत होते."



३० सप्टेंबर

नानांनी डोळे उघडले. पेजेचं पाणी प्यायले. बीपी वर आलंय, पण किडनीची तब्येत बरी नाही, छातीत कफ आहे. आजपासून इंजेक्शनऐवजी गोळ्या. मोठ्या मात्रेनं सुरू करून मग महिनोन् महिने उतरवत न्यायच्या. वॉर्डात माणूस मावत नाही, सिस्टर गोळ्या नातेवाइकाच्या हातावर ठेवून पुढे जातात.

नानांनी गोळी बघितली. बारकी, पांढरी.

"तीच का?"

"नाना, ही डॉक्टरनी दिलीय. ही वेगळी."

"तीच ना पण?"

मी खोटं बोलू शकलो असतो. का कोण जाणे, बोललो नाही. "तीच. पण आता ही घेतली नाही तर जीव जाईल."

"देवीपुढे बोललोय. तुझ्या डोक्यावर हात ठेवून बोललोय. तुला काही झालं म्हणजे?"

"मला काही होत नाही. शपथ मी घातली, मीच सोडवतो. माझ्या अंगावर घेतो."

"शपथ घालणाऱ्याच्या हातात असती तर जगात कोणाची टिकली असती?" असं म्हणून भिंतीकडे वळले.

मी त्यांचे पाय धरले. रडलो. आई रडली. शेवटी नाना म्हणाले, "आण. रडू नका, लोक बघतायत." गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायले. एवढ्या लवकर ऐकतील असं वाटलं नव्हतं.

२ ऑक्टोबर, दसरा

नाना आता काही कटकट न करता गोळी घेतात. मी हातावर ठेवतो, ते तोंडात टाकतात, पाणी पितात, मग उपरण्यानं तोंड पुसतात. आज म्हणाले, "घरी जाऊन मागाची पूजा करून ये. तुला जमेल. हळदकुंकू आणि झेंडूचं फूल, बाकी काही नाही." गेलो नाही. त्यांना सोडून कसा जाणार.

संध्याकाळी पुन्हा मळमळ. बीपी खाली. डॉक्टरनी विचारलं, "गोळ्या वेळेवर देताय ना?"

"माझ्या हातानं देतोय," मी म्हणालो.

४ ऑक्टोबर

आज सकाळी नाना गेले. पुन्हा इंजेक्शन दिलं होतं. डॉक्टर आता फुप्फुसात जंतू, किडनी, असं बरंच सांगत होते. माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

शेवटी शेवटी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. मला वाटलं आशीर्वाद देतायत. चाचपत होते, कान, कपाळ, मान. "बरा आहेस ना?" म्हणाले.

"बरा आहे नाना."

"मग झालं."

कपडे आवरताना आईनं उपरणं झटकलं. एका टोकाला गाठ होती. तिनं ती सोडली. आत बारक्या पांढऱ्या गोळ्या, थुंकीनं विरघळून एकमेकींना चिकटलेल्या. मी दिलेल्या सगळ्या.

आईनं माझ्याकडे बघितलं आणि गाठ परत मारली.

१९ ऑक्टोबर, येवला

लिहावंसं वाटत नाही. माग आमचा नव्हताच, मालकानं दुसरा माणूस बसवला. भिंतीपलीकडून धोट्याचा आवाज येतो. आई दार लावून घेते.

शेखरला पकडलं, महेशनं सांगितलं. डबा जप्त झाला. मी म्हणालो, त्याच्या म्हाताऱ्यांच्या गोळ्या आता एकदम तुटतील. लगेच मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "माहीत आहे, कालपासून पाडे फिरतेय. ड्रायव्हर तात्पुरता आहे, रस्ते चुकतोय." मग म्हणाल्या, "तुझी जागा मी भरलेली नाही. पण ये असं म्हणणार नाही. तुझं तू ठरव."

आई म्हणाली, "जा. इथं बसून मला तरी काय देणारेस?"

२७ ऑक्टोबर, पेठ

आलो. मॅडमनी प्रश्नांत एक प्रश्न वाढवलाय. तो विचारायचं काम माझ्याकडे दिलंय. "गोळी सोडायची कोणाला शपथ घातली आहे का, देवापुढे, लेकरापुढे?" पहिल्याच पाड्यावर दोघांनी मान डोलावली. मॅडम माझ्याकडे न बघता लिहीत राहिल्या.

मग गोजरा आजी. ती आता पाव गोळीवर आहे. भात कापायला वाकवत नाही, म्हणून खळ्यावर बसून सगळ्यांना हुकूम सोडत होती. मला बघून म्हणाली, "आला का येवल्याचा नवरदेव? टक्कल केलंस, लगीन मोडलं का काय?"

मॅडम पटकन म्हणाल्या, "आजी, त्याचे वडील गेले."

 आजीनं सरकून माझ्यासाठी जागा केली.

मी पाव गोळी तिच्या हातावर ठेवली. तिनं तोंडात टाकली, पाणी प्यायली, पदरानं तोंड पुसलं.

"आजी, तोंड उघड."

"आं?"

"तोंड उघड. जीभ वर कर."

"माझ्यावर भरोसा नाय का रं तुझा?"

"आहे," मी म्हणालो. "तोंड उघड."

तिनं उघडलं. मी वाकून बघितलं, जिभेखाली, दोन्ही गालांत. मग म्हणालो, "आता पदराची गाठ सोड."